कोतवाल बुकातला मुलगा

माझा वाढदिवस एक जून. माझ्या वयाच्या, केडगाव-दौंडकडे वाढलेल्या चार माणसांना विचारा, त्यांतल्या तिघांचा तरी एक जूनच निघेल. पोराला शाळेत आणलं की हेडमास्तर त्याला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं झालं असं समजायचं आणि एक जूनपासून मागे सहा वर्षं मोजून जन्मतारीख लिहून टाकायची. माझा हात काही कानाला लागला नाही. पण मला घेऊन आलेली माझी थोरली बहीण टेबलाला धरून रडायला लागली. मला सांभाळण्यासाठी तिची शाळा सुटली होती, आणि मी वर्गात बसलो तरच तिला पुन्हा बसायला मिळणार होतं. मास्तर वैतागले आणि त्यांनी दोघांचीही नावं घालून घेतली.

माझे वडील, आप्पा, पुढे जन्मभर चारचौघांत सांगत राहिले की आमचं पोरगं साडेचार वर्षांचं असताना शाळेत घातलं तरी पहिला नंबर काढला. ते ऐकत मी मोठा झालो. हवाई दलात गेलो, मग विमान कंपनीत आलो, कॅप्टन झालो, शिरूरला घर बांधलं. त्या दीड वर्षाच्या फरकाने माझं कधी काही अडलं नाही. पासष्टी दिसायला लागली आणि तो फरक मला डाचायला लागला.

पासष्ट पूर्ण झाली की प्रवासी विमानाच्या वैमानिकाला उतरवतात. दर सहा महिन्यांनी आमचं हृदय, डोळे, कान तपासतात, सिम्युलेटरमध्ये इंजिन बंद पाडून घाम काढतात. त्यात पास झालेल्या माणसाला मग एका सकाळी सांगतात की आजपासून तुमचा भरवसा नाही. साठीनंतर तर शेजारच्या सीटवर साठीच्या आतलाच माणूस लागतो, म्हणजे माझ्यावर लक्ष ठेवायला आधीच एक जण बसवलेला असतो. मग आणखी दोन वर्षांनी कुणाचं काय जाणार होतं? ही मर्यादा सदुसष्ट करा म्हणून जगभर मागणी चालू होती. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज त्याचीच हाणामारी. शेवटी सगळ्या देशांच्या विमान वाहतुकीच्या बैठकीत नकार मिळाल्याची बातमी आली आणि ग्रुप दोन दिवस गप्प झाला.

माझ्याबरोबर बऱ्याचदा एक तरुण को-पायलट असायची. हुशार आणि तोंडाची फटकळ. ती बातमी आली त्या दिवशी मी तिच्यासमोर नको इतका तडतडलो. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, राग मानू नका. तुम्ही दोन वर्षं थांबलात तर माझं कॅप्टन होणंही दोन वर्षं थांबतं. शिवाय कॅप्टन होईपर्यंत लग्न नको म्हटलंय, घरचे मागे लागलेत ते वेगळंच." मला राग आला. ती खरं बोलत होती म्हणून जास्त आला.

बायको म्हणायची, "मी शाळेतून अठ्ठावन्नला रिटायर झाले, काही आकाश कोसळलं नाही." तिचं बरोबर होतं. पण मला घरी बसण्याची भीती वाटत होती, आणि हे मी तिलाही सांगितलं नव्हतं. सिम्युलेटरवर पोरांना शिकवा, असं कंपनी म्हणत होती. जमिनीला बोल्ट केलेल्या खोक्यात बसून ढगांचं चित्र बघायचं. मला ते नको होतं.

अशा वेळी मला आप्पांची ती साडेचार वर्षं आठवली. म्हटलं, खरी जन्मतारीख सापडली तर दीड वर्ष माझ्या हक्काचंच आहे. एका वकिलाला गाठलं. तो म्हणाला, वेळ थोडा आहे, आशाही थोडीच आहे, पण जुना कागद आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचं प्रतिज्ञापत्र असेल तर अर्ज करून बघू. पूर्वी गावातले जन्ममृत्यू कोतवाल बुकात लिहीत, आणि आमच्या गावची ती बुकं दौंडला तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये होती. तिथे मी तीन हेलपाटे घातले. तिसऱ्या खेपेला तिथल्या कारकुनाने बुक उघडून माझ्यापुढे सरकवलं. काही पानं वाळवीने खाल्लेली, पण एका पानावर आप्पांचं नाव स्वच्छ होतं. पुढे लिहिलं होतं, मुलगा, आणि कार्तिकातली एक तारीख. बोट लावून हिशेब केला. शाळेत घातलं तेव्हा बरोबर साडेचार वर्षं होत होती.

कारकून म्हणाला, "साहेब, यात बाळाचं नाव नसतंय. ह्यो मुलगा म्हंजी तुम्हीच, हे तुम्हाला शाबीत करावं लागंल."

"आप्पांचा मुलगा मी एकटाच," मी म्हणालो. "दुसरा कोण असणार?"

त्याने पुढची पानं बघायची का म्हणून विचारलं. मी नको म्हणालो. जन्मभर मी को-पायलटांना बजावत आलो की आपल्याला हवा तो आकडा दिसला म्हणून वाचणं थांबवू नका. आणि मी उताऱ्याची नक्कल घेऊन, जिना दोन दोन पायऱ्यांनी उतरून, गाडीत येऊन बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी न्हावऱ्यावरून, चौफुल्यावरून केडगावला त्याच थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे गेलो. तेव्हाचं आठवणारी घरात आता ती एकटीच उरली आहे. ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मी प्रतिज्ञापत्र काढलं, उतारा काढला आणि वाचून दाखवला. कार्तिक महिना ऐकल्यावर तिचा हात थांबला.

"ह्यो तू न्हाईस," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"ह्यो तुज्या पाठचा. चार महिन्यांचा हुता तवा तापात गेला. आईम्होरं कुणी नाव काढायचं न्हाई, आसं आप्पांनी सांगितलं हुतं. मग कुणीच काढलं न्हाई."

मला आधी काही कळेचना. मी विचारलं, "मग मी?"

"तू दोन वर्साचा हुतास की तवा. त्याला पाळण्यात बगून आईला म्हनायचास, ह्याला दिवून टाक." ती जरा हसली. "तू लहानखुरा हुतास, म्हनून कान हाताला लागंना. आप्पांचं काय, त्यांना फुशारकी पायजे. साडेच्यार म्हनं! साडेसा वर्साचं घोडं मी कडंवर मारून शाळंत नेलं."

मी पुन्हा बोटं मोजली. विमानातली माझी सीट त्या ओसरीवरच गेली होती. कागदावर मला पासष्ट व्हायला अजून सहा आठवडे होते. खरी पासष्टी मागच्या दिवाळीच्या सुमारासच होऊन गेली होती. तेव्हापासून पाच-सहा महिने मी नियमाने ज्याला कॉकपिटमध्ये चढूच द्यायला नको असा माणूस होतो, आणि दर खेपेला पावणेदोनशे माणसं मागे बसवून हिंडत होतो. ग्रुपवर भांडायला याहून मोठा पुरावा नव्हता. बघा, पासष्टीनंतरही काही बिघडलं नाही. आणि तो पुरावा मी जिवंत असेपर्यंत कुणापुढे ठेवू शकत नव्हतो. पण त्या धाकट्यासाठी वाईट वाटायला मला वेळच झाला नाही. त्याची ओळख झाल्यावर पहिली गोष्ट मी काय केली, तर त्याच्यामुळे माझे किती महिने गेले ते मोजलं. याची लाज मला आजही वाटते.

अक्काने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं आणि पदराला हात पुसले. "आण त्यो कागद. तुजं काम हुत आसंल तर देते सही. तो बिचारा काय तक्रार करायला येतूय?"

मी कागद हातातच धरून ठेवला.

"सही येती मला," ती म्हणाली. "अंगठा न्हाई. तू शाळंत बसलास म्हनून तर शिकले. आण."

तिने पेनासाठी हात पुढे केला होता. खिशात पेन होतं. मी ते बाहेरही काढलं. माझ्या तोंडात खोटं कधीच येत नाही असं नाही, आणि त्या क्षणी कायद्याची भीतीही वाटली नाही. पण त्या पाच-सहा महिन्यांचा हिशेब मनात आल्यावर फेब्रुवारीतली एक सकाळ डोळ्यांपुढून हटेना. पुण्यात उतरत होतो, धावपट्टी समोर, वेग जास्त. शेजारची तीच तरुण को-पायलट म्हणाली, "गो अराउंड." म्हणजे उतरू नका, पुन्हा वर घ्या. ते मी ऐकलं आणि लगेच विमान वर घेतलं. दुसऱ्या खेपेला सगळं नीट झालं. विमान रिकामं झाल्यावर मी तिला म्हणालो, छान, वेळेवर बोललीस. ती खाली बघत म्हणाली, "सर, मी दोनदा बोलले." पहिलं मला ऐकूच आलं नव्हतं. तिने वर कळवलं नाही, मीही लिहिलं नाही. कानांच्या तपासणीत त्यानंतर मी पास झालो होतो.

"राहू दे, अक्का," मी म्हणालो.

"आरं, मग तुजं इमान?"

मी कागदाची घडी घातली. तिला वाटलं मी तिच्यावर चिडलोय. निघताना तिने शेंगांची पिशवी गाडीत ठेवली, ती मी नको म्हणालो नाही. चौफुल्याच्या पुढे गाडी बाजूला घेतली आणि ड्युटी लावणाऱ्या मुलीला फोन केला. म्हटलं, उरलेल्या फ्लाइट्सवरून माझं नाव काढ.

"सर, शेवटची तरी ठेवू ना?" ती म्हणाली. "सगळ्यांनी ठरवलंय, मॅडमनाही बोलवलंय."

मी म्हणालो, "ती झाली."