पानांचा घागरा

आमच्या गावच्या शाळेत मी खिचडी शिजवते. काल व्हरांड्यात बाई गावातल्या पोरींना पानांचे घागरे बांधून, तोंडाला काळा रंग फासून आदिवासी नाच शिकवत होत्या. ठाकर आदिवासींच्या वाडीवरची सोनी, चौथीतली, बघत उभी होती. म्हणाली, "बाई, आम्ही नाय असं नाचत. माझी आय लुगडं नेसते."

बाई हसल्या. "तुला काय कळतंय गं? मागे बस."

वाडीवरची पोरं शाळेत टिकत का नाहीत, यावर इथे सारख्या बैठका होतात. चहा मीच करते. पोरीला तिच्याच नाचात मागे बसवायचं आणि वर कारणं शोधायची! चार इयत्ता शिकलेल्या मलाही हे कळतं.

आज सोनी आली नाही. बाईंनी हजेरीत तिची गैरहजेरी मांडली आणि पोरींना नाचाला उभं केलं.