दाजींनी लावलेला स्विच

दाजी कोणत्याही यंत्रासोबत आलेला माहितीचा कागद आधी फाडत आणि मग यंत्र हातात घेत. "कागद अडाण्यांसाठी असतो, पाव्हणं," असे ते मला सांगत. ते माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बारामतीत त्यांचे कापडाचे दुकान होते. विजेशी त्यांचा संबंध बिल भरण्यापुरता.

"त्यात काय हाय?" हे त्यांचे आवडते वाक्य. एवढे म्हणून त्यांनी आमचा मिक्सर, आईचे शिलाई मशीन आणि भिंतीवरचे घड्याळ कायमचे बंद पाडले. कळस गावातल्या आमच्या घरात त्यांना कोणी अडवले नाही. जावई स्टुलावर चढला की सासुरवाडीने स्टूल धरायचे असते. आईने ते वर्षानुवर्षे धरले.

मग एका दिवाळीत त्यांनी मोबाइलवरून चालणारा स्विच आणला. आईचे गुडघे दुखत. दिव्यासाठी तिला उठावे लागू नये, हा हेतू. हेतू चांगला होता, हे नोंदवले पाहिजे. दाजींच्या बाजूने नोंदवण्यासारखे बहुधा एवढेच असे.

या स्विचला स्वतः चालू राहण्यासाठी न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणारी, तार लागते. बाहेरच्या खोलीच्या बोर्डात ती नव्हतीच. जुन्या वायरिंगप्रमाणे ती वरच्या वर दिव्याला गेली होती. बोर्डात एक हिरवी तार तेवढी दिसत होती. ती अर्थिंगची.

"दाजी, वायरमनला बोलवू," मी म्हणालो.

"तारंला तार लावायची. त्यात काय हाय?"

त्यांनी हिरवी तार जोडली आणि मोबाइलला सांगितले, "लाइट लाव." दिवा लागला. दाजींनी सगळ्यांकडे असे पाहिले, जणू विजेचा शोध त्यांनीच लावला होता.

उन्हाळ्यात मी पुण्याहून गावी गेलो. आई फ्रीज उघडण्याआधी रबरी चप्पल घालत होती आणि हाताला पदर गुंडाळत होती. आमच्या स्वयंपाकघरात चप्पल कधी आली नव्हती.

"हे काय?"

"मुंग्या येत्यात हाताला. शिमग्यापासनं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"जावई हायती ते. त्यांना काय म्हनायचं, तुमच्या बटनानं मला करंट लागतुया?"

वायरमनने बोर्ड उघडला. "हे कुनी केलं?" त्याने विचारले. "अर्थिंगचा खड्डा सुकलाय. स्विचचा करंट जमिनीत जायाचा, तो ह्या तारंनं फ्रीजच्या अंगावर येतुया. वल्या हातानं धरला असता, तर आजी आज फोटूत असत्या."

त्याने हिरवी तार सोडवली, खड्ड्यात मीठ-पाणी ओतले आणि दरवाजामागे साधे बटण बसवले. दाजींचा स्विच मात्र आईने भिंतीवरून काढू दिला नाही. "आल्यावर बघत्याल," ती म्हणाली.

पुढच्या दिवाळीला दाजी आले. सोफ्यावर टेकून मोबाइलला म्हणाले, "लाइट लाव." मग पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने. मी तोंड उघडणार तोच आई पुढे झाली.

"लाइट गेलीया, जावईबापू."

डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. दाजींनी त्याच्याकडे वर पाहिले.

"तरीच," ते म्हणाले आणि चहाची वाट बघू लागले.

फ्रीज कधीच ठीक झाला होता. तरीही आईने रबरी चप्पल घातली, हाताला पदर गुंडाळला आणि चहासाठी दूध काढले.