उघडा सर्व्हर आणि न दिलेलं आवतन

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, आणि हे सांगताना मी कधी आवाज खाली केला नाही. त्याच ताठ्यात मी वेबसाइट काढली. आई धुळे तालुक्यातल्या खेड्यातली. तिची अहिराणी अशी, की शिवी दिली तरी समोरचा हसायचा. तिचं बोलणं मी फोनवर टिपायचे आणि साइटवर चढवायचे, वर तिचा आवाज, खाली लेखी मजकूर. भाजीवालीशी घासाघीस, सुनेला टोमणे, काहीही. फोन पुढं केला की म्हणायची, "हाई बठ्ठं कोन ऐकी व माय? लोकेस्ले कामधंदा शे." हे सगळं कोण ऐकणार, लोकांना कामं असतात, असं तिचं म्हणणं.

ती गेली, आणि तिचं बोलणं तेवढं साइटवर राहिलं.

सर्व्हर म्हणजे पिंप्राळ्यातल्या आमच्या घरी जिन्याखाली ठेवलेला जुना कॉम्प्युटर. माझ्यामागं हे कोण सांभाळणार, या काळजीनं मी त्याचं सगळं कॉन्फिगरेशन लोकांसाठी खुलं केलं. कुठली फाइल कुठं राहते, बॅकअप कशाचा होतो, पासवर्ड सोडून सगळं नेटवर. शेजारी लिहिलं, बघा, चुका काढा, दुरुस्त करा. कोणी फिरकलं नाही. चूकही कोणी काढली नाही, तेव्हा सगळं नीटच असणार, असं मी धरून चालले.

मे महिन्यातल्या उन्हात त्या कॉम्प्युटरचा पंखा बंद पडला आणि डिस्क गेली. मी घाबरले नाही, बॅकअप होता. उघडून पाहिला, तर मजकूर सगळा होता, आवाज एकही नाही. आवाजांचा फोल्डर मी मध्ये दुसरीकडे हलवला होता आणि बॅकअपच्या ओळीत जुनाच पत्ता राहिला होता. फोनमधले मूळ आवाज, जागा भरली म्हणून केव्हाच पुसलेले. दुरुस्तीवाल्यानं डिस्क कानाशी धरून हलवली आणि परत दिली.

धुळ्यातल्या वर्गमित्राला फोन लावला. तो एका ऑफिसचे सर्व्हर सांभाळतो, कॉलेजपासून मला ताई म्हणतो. डिस्कमधून काही निघेल का, विचारलं.

"ताई, ती ओळ मी पाहिली होती."

"कुठली?"

"बॅकअपची. तू खुलं केलंस त्याच आठवड्यात."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलावलंस कुठं?"

"साऱ्या जगाला बोलावलं होतं की."

"जगाला. मला नाही. देवळाच्या भिंतीला पत्रिका चिकटवली, तर तू जाशील जेवायला? आणि तुझी चूक दाखवायची म्हणजे. कॉलेजात एकदा दाखवली होती, तर सेमिस्टर संपेस्तोवर बोलली नव्हतीस."

आमच्याकडे आवतन उंबऱ्यावर येऊन द्यावं लागतं, कपाळाला कुंकू लावून. नाहीतर सख्खा मामासुद्धा कार्याला येत नाही, आणि रुसलो असंही सांगत नाही. माझ्या लग्नाच्या वेळी आई त्यासाठी भर उन्हात नशिराबादपर्यंत दारोदार फिरली होती. मी मात्र एका ओळीत साऱ्यांना बोलावून मोकळी झाले. त्याच्यावर रागवावं असंही वाटेना. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

ती ओळ आता दुरुस्त केली आहे. रोज एका रिकाम्या फोल्डरचा बॅकअप होतो.

परवा मुलीनं विचारलं, आजी कशी बोलायची. मी साइटवरचा मजकूर काढून मोठ्यानं वाचला. शब्द सगळे बरोबर होते. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "मम्मी, तू बातम्या दिल्यासारखं वाचतेय." मी परत वाचलं, हेल काढून, तर ते नाटकातल्यासारखं झालं. पंधरा-वीस वर्षं चांगलं मराठी बोलायची सवय लावून घेतली होती मी जिभेला. ती सवय आता सुटत नव्हती.

तिसऱ्यांदा वाचलं नाही.