भिंती उभ्या राहिल्या त्या दिवशी

पेणजवळच्या शेडमध्ये आम्ही लाकडी घरांच्या भिंती आणि छतं तयार करतो, ट्रेलरवर घालून जागेवर नेतो आणि तिथे जोडतो. जोडणीचं काम माझ्याकडे असतं. क्रेन कुठे लावायची, आधी कोणती भिंत उचलायची, सगळं मी बघते.

रोह्याजवळ वरसे गावातलं ते घर एका बाईसाठी होतं. नवरा धाटावला कंपनीत, घरात दोघंच. तिची फुफ्फुसं खराब झाली होती. जुनं घर ओलीने भरलेलं, आणि शेजारी नवीन बांधायचं तर महिनोन्‌महिने सिमेंटची धूळ. म्हणून त्याने आमच्याकडे घर सांगितलं.

एकदा ती शेडमध्ये आली. तेवढा वेळ आम्ही करवत बंद ठेवली. तिची भिंत टेबलावर आडवी होती. पदर नाकाला लावून तिने भिंतीवरून हात फिरवला.

"काय गो, यात मी निजणार कुठं?"

मी कोपरा दाखवला. तिला आडवं होता येत नसे, उशांना टेकून बसावं लागे. बसल्या जागेवरून भाताचं शेत दिसावं म्हणून तिने खिडकी खाली घ्यायला लावली.

जोडणीच्या आदल्या दिवशी तिला अलिबागला दवाखान्यात हलवलं. काम थांबवू का, म्हणून मी तिच्या नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, थांबवू नका, ती येईल तेव्हा घर उभं दिसू दे.

दुपारपर्यंत भिंती उभ्या राहिल्या. छताचा पहिला भाग क्रेनला लटकलेला असताना त्याचा फोन आला. ती गेली होती.

मी तो भाग खाली उतरवून घेतला. तिला आणणाऱ्या गाडीला वाट हवी म्हणून क्रेन गल्लीतून बाहेर काढली. अंगण मात्र छताच्या भागांनी भरलेलं होतं, ते हलवायला आता क्रेन नव्हती, आणि तिला ठेवायला तिथे जागा उरली नव्हती. गाडी आली. त्याचा भाऊ म्हणाला, जुन्या घरात नेऊ. नवऱ्याने नव्या भिंतींकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळला.

"मॅडम, आतली जमीन झाली का?"

"झाली."

"मग तिला तिकडंच न्या. एकदा तरी."

सुतारांनी बूट काढले, हत्यारं उचलली, भुसा झाडला. बायकांनी चटई अंथरली. वरून ऊन थेट तिच्या तोंडावर येत होतं. दोघं सुतार भिंतींवर चढले आणि ताडपत्री ताणून बांधली. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. मी बाहेर रचलेल्या छताशेजारी उभी होते. हुंदका आवरेना, म्हणून ट्रेलरच्या मागे गेले.

तेरावं झाल्यावर त्याने बोलावलं. आम्ही छत चढवलं. नारळ फोडायचं कुणी नाव काढलं नाही. मी त्याच्या हातात किल्ली दिली. त्यानेच चहा केला, म्हणाला, घर चांगलं झालं.

रोह्याकडे काम असलं की मी अजून डोकावते. तो आता रात्रपाळीच मागून घेतो. दिवसा आजूबाजूला माणसांचे आवाज असतात, तेव्हाच झोप लागते म्हणतो.