शिजवनार कवा?

गुरुवारी सकाळी नऊला नीलिमाने तुरीचं पोतं गंगूमावशीच्या डाळमिलीसमोर उतरवलं. रविवारी तिचं लग्न होतं. पोतं महिनाभर आधीच इथं यायला हवं होतं. बाबांना वाटलं तिच्या भावाने, अश्वजितने टाकलं, अश्वजितला वाटलं बाबांनी.

ही तूर आईने पेरली होती. दिवाळीत आई गेली. पोरीच्या पंगतीत वरण याच तुरीचं, हे बाबांनी तेव्हाच ठरवलं.

रिठदच्या त्या गल्लीत यंत्र एकच. तूर त्यातून दोनदा काढायची. आधी टरफल खरवडायचं, मग तेल चोळून दोन दिवस उन्हात घालायची, मग डाळ पाडायची. नीलिमाच्या पुढे जगदेवकाकांची चार पोती होती, वाळून आलेली. ती होईस्तोवर दुपार. आजचं ऊन गेलं की लग्न हुकलं.

"शिजवनार कवा?" मावशीने विचारलं.

कधी आणली, हे ती कुणालाच विचारत नाही. चौथी शिकलेली बाई. लोकांच्या वावरात निंदण करायची. बचत गटाचं यंत्र हाती आलं, तेव्हापासून तिचा हा एकच प्रश्न.

"रविवारी. माझ्या लग्नात."

"आन आज आनली? नवरदेव तरी याद हाय ना घरच्याईले?"

तिने जगदेवकाकांचं पोतं बाजूला सरकवलं.

"काहून व गंगू? नंबर माया हाय."

"तुमची वाळली, भाऊ. तिले निस्तं यंत्र पायजे. हिचीले यंत्र पायजे, मंग ऊनबी पायजे. हिची उनात घातली का लगेच तुमची काढून देतो. तुमी शिजवनार कवा?"

"पुढच्या महिन्यात," काका म्हणाले आणि स्वतःच हसले.

दहाला नीलिमाची तूर ताडपत्रीवर पसरली होती. काका तासभर उशिरा घरी गेले, एवढंच.

शनिवारी संध्याकाळी डाळ मिळाली. नीलिमाला काही बोलायचं होतं.

"जाय व," मावशी म्हणाली, "पाहुने आले असन."

रविवारी मावशी लग्नाला आली नाही. कुणाची तरी तूर त्याच वेळी वाळून तयार होत होती. सासरी निघालेली गाडी नीलिमाने मिलीसमोर थांबवायला लावली. लग्नाची पांढरी साडी सावरत उतरली, वरणभाताचा डबा पुढे केला. मावशीने हात पुसले, उभ्यानेच घास घेतला.

"तुई माय इथंच बसे," ती म्हणाली, "वाळवन राखत."

नीलिमाने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मावशीने डबा तिच्यापुढे धरला. दोघींनी मिळून तो संपवला.