वर्खाचं वजन

भूमच्या आठवडी बाजारात तूप विकणाऱ्या तारामतीबाईंची लेक अक्षदा प्रयोगशाळेत फुटलेल्या युरेनियम अणूच्या दोन तुकड्यांची ऊर्जा मोजते आणि त्यावरून त्यांचं वस्तुमान काढते. एका बाजूच्या तुकड्याची ऊर्जा कायम कमी भरायची, त्यामुळं तिचा प्रबंध अडकला होता. सुट्टीत ती आईजवळ बाजारात बसली. तारामतीबाईंनी आधी रिकामा डबा तोलला, मग तूप ओतलं.

“तुझे तुकडे कशात असत्यात गं?”

“युरेनियम एका धातूच्या वर्खावर लावलेलं असतं. एक तुकडा वर्खातनं आरपार जातो. वर्ख लई पातळ, म्हणून मी हिशेबात धरलाच नाही.”

“एवढी शिकलीस आन् डबा तोलायचा इसरलीस व्हय!”

परत जाऊन अक्षदानं वर्खातनं जाताना खर्च होणारी ऊर्जा मोजली आणि त्या तुकड्याच्या ऊर्जेत मिळवली. दोन्ही बाजू जुळल्या. प्रबंधाची पहिली प्रत तारामतीबाईंनी देवीपुढं ठेवली.