राजापेठेतली चाळीस रुपयांची वांगी

अकोल्याहून एसटी सुटली तेव्हा मांडीवर माझी तक्त्यांची वही होती. आशियातल्या देशांत आजवर महागाई कशी वाढत गेली, यावर मी पुण्यात बसून पुस्तक लिहितो आहे. जपानची रेघ जमिनीलगत झोपलेली, श्रीलंकेची मध्येच ताडासारखी उंच. आपली मधोमध, शहाण्या मुलासारखी. तिचा मला घरबसल्या अभिमान होता. शेजारी मावसभाऊ प्रमोद बसला होता. दर महिन्याला त्याच दुकानांत जाऊन त्याच मालाचे भाव टिपणं ही त्याची नोकरी. त्यावरूनच ही रेघ निघते.

मूर्तिजापूर मागे पडलं. दोन्हीकडे नुसती वाळलेली पऱ्हाटी (कपाशीची झाडं) आणि ऊन. अमरावतीत उतरून गिला वडा (दह्यातला उडदाचा वडा) खाल्ला आणि राजापेठेत शोभाबाईंच्या भाजीच्या गाडीपाशी आलो.

"वांगे कसे किलो, मावशी?"

"चाळीस लिवा, साहेब."

प्रमोद टिपून पुढच्या किराणा दुकानात गेला. मी अर्धा किलो घेतली, तर बाईंनी तीस मागितले.

"मग त्यांना चाळीस का सांगितले?"

"सरकारी मानूस हाय थो. लिवून नेते. जास्त सांगतलं त गाडी उचलतीन आमची. मी कमीच सांगतो."

कोथिंबीर निवडत बसलेली त्यांची मुलगी रेखा हसली. ती जिनिंगमध्ये (कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात) कामाला. "सारं महाग झालं, अन् आमचा महागाई भत्ता वाढूनच नाही राहिला," ती म्हणाली.

इथे मला शहाणपणा सुचला. अशाच लिहून नेलेल्या भावांवरून तुझा भत्ता ठरतो, असं मी वहीतल्या देशोदेशींच्या रेघा दाखवत तिला समजावून सांगितलं.

शोभाबाईंचा तराजूवरचा हात थांबला. "म्हंजे पोरीचा पैसा मीच खाल्ला?"

"एका गाडीनं काही फरक पडत नाही," मी म्हणालो. खरं होतं, पण सांगताना लाज वाटली.

"तिकडल्या देशातल्या बायाबी कमीच सांगत असतीन काय?"

प्रमोद परतताच त्या म्हणाल्या, "साहेब, साठ लिवा. खरं सांगून राहिलो मी."

प्रमोद अवघडला. "मागच्या महिन्यात अडतीस होते, मावशी. एकदम एवढी उडी दिसली तर वरून चौकशी येते." त्यानं चाळीस खोडून बेचाळीस लिहिलं. पुढे हळूहळू वाढवू, म्हणाला. चौकशी म्हटल्याबरोबर शोभाबाईंचा चेहरा उतरला. रेखानं आईचा दंड धरला. मी वांगी पिशवीत टाकून निघालो.

पुण्याला येऊन महिना झाला, तेव्हा प्रमोदला फोन केला. शोभाबाईंनी या वेळी काय भाव सांगितला?

"मी जायच्या दिवशी ती गाडी लावतच नाही आता," तो म्हणाला. "दिवसाची कमाई बुडवते, पण येत नाही. शेजारच्या गाडीवर विचारलं."

"त्यानं किती सांगितले?"

"चाळीस."

वही समोर उघडीच होती. रेघ जिथं होती तिथंच होती, आणि मी ती छापायला दिली.